चेक इंजिनचा दिवा: सेन्सर बदलूनही परत का लागतो, आणि तो लागल्यावर काय करायचं

प्रश्न असा आहे: पेट्रोल गाडी, डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखी पळते, फक्त सिग्नलला उभी असली की किंचित थरथरते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड निघाला, ऑक्सिजन सेन्सर बदलला, दिवा गेला. आठवड्याभरात तोच दिवा, तोच कोड. आता गॅरेजवाले आणखी एक सेन्सर बदलू म्हणतात. विचारणाऱ्याला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: दिवा लागलेला असताना गाडी चालवावी का, आणि नवा सेन्सर घालूनही तो परत का आला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. स्कॅनरवरचा कोड हे खराब पार्टचं नाव नसतं. गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू असताना सतत स्वतःच्या चाचण्या घेत असतो, आणि त्यातली अमुक चाचणी नापास झाली एवढंच कोड सांगतो. पी०१७१ म्हणजे ‘बँक १ (सिलिंडरांची पहिली रांग) चं मिश्रण लीन’, अर्थात मिश्रण पातळ आहे, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. हे कॉम्प्युटरला कळवलं कुणी? ऑक्सिजन सेन्सरनं. म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच घरी पाठवलं आणि नव्यानं येऊन तीच तक्रार केली. या कोडवर सेन्सर बदलणं ही गॅरेजमध्ये सर्रास चालणारी गोष्ट आहे, आणि क्वचितच बरोबर ठरते.

आता चालवावी का. हा निर्णय कोडवर नाही, डोळ्याला आणि पायाला काय कळतं त्यावर घ्यायचा असतो.

लाल दिव्यांशी चर्चा करायची नाही. तेलाच्या कॅनचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद, तेही लगेच. हा दिवा ऑइल किती आहे ते दाखवत नाही, ऑइलचं प्रेशर गेलं हे दाखवतो. प्रेशर गेलं की क्रँकच्या बेअरिंगमधला तेलाचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसली म्हणून पुन्हा स्टार्ट करून ‘बघू या जातोय का’ करू नये. पंप बंद पडला असेल तर पातळी बरोबरच दिसणार. तापमानाचा लाल दिवा लागला तरीही थांबायचंच, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. थांबायला जागा मिळेपर्यंत एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवला, तर इंजिनची थोडी उष्णता आत खेचली जाते. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग बंद आहे. गाडी बॅटरीवर थोडा वेळ चालेल, पण काही इंजिनांत चार्जिंगचा अल्टरनेटर फिरवणारा बेल्टच वॉटर पंपही फिरवतो, म्हणून तापमानाच्या काट्यावर लक्ष हवं.

पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल, पिकअप नीट असेल, आवाज, वास, धूर, तापमान काहीच बदललं नसेल, तर घरी जा, कामावर जा, काही बिघडत नाही. दोन-चार दिवसांत स्कॅन करून घ्या. जोरात रेस देणं, ओझं घालून घाट चढणं एवढं टाळा. त्याबरोबर गाडी एका ठरावीक आरपीएमच्या वर जायलाच तयार नसेल तर ती लिंप मोडमध्ये गेली आहे, म्हणजे कॉम्प्युटरनं इंजिन वाचवण्यासाठी मुद्दाम ताकद कमी केली आहे. तेव्हा हळूहळू जवळच्या गॅरेजला.

दिवा लुकलुकायला लागला तर गोष्ट वेगळी. बहुतेक गाड्यांत याचा अर्थ असा की एखादा सिलिंडर इतका मिस मारतोय की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) जळू शकतो. प्लगनं ठिणगी दिली नाही की त्या सिलिंडरमधलं कच्चं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही सायलेन्सरच्या वाटेनं जातात आणि कन्व्हर्टरच्या आत पेटतात. कन्व्हर्टर साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअसला काम करतो. मिसफायर चालू राहिलं तर आतलं तापमान १,००० अंशांच्या वर जातं, वरचा प्लॅटिनम-पॅलेडियमचा लेप निकामी होतो आणि आणखी वाढलं तर आतली सिरॅमिकची जाळीच वितळून वाट बुजते. म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या एका इग्निशन कॉइलचं काम कन्व्हर्टरपर्यंत जातं, आणि दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिवा लुकलुकला की पाय हलका करा. हलक्या पायानं लुकलुकणं थांबून दिवा स्थिर झाला, तर तसंच संथपणे गॅरेजपर्यंत जाता येतं. थांबत नसेल, गाडी झटके खात असेल, तर इंजिन बंद करून टो करा. आणि अशा गाडीला वाळलेल्या गवतावर उभं करू नका. खालचा कन्व्हर्टर गवत पेटवण्याइतका तापलेला असतो.

स्कॅनरच्या आधी मी गाडीवाल्याला एकच विचारतो: दिवा लागण्याआधीच्या आठवड्यात गाडीला काय काय झालं? पेट्रोल भरलं का, इंजिन धुतलं का, एअर फिल्टर बदलला का, बॅटरी उतरली होती का, गाडी बरेच दिवस उभी होती का. पेट्रोल भरल्यावर झाकण टिक-टिक वाजेपर्यंत फिरवलं नसेल, किंवा त्याचं रबर चिरलं असेल, तर टाकीच्या वाफा अडवणारी यंत्रणा गळतेय असा कोड येतो, पी०४४२ किंवा पी०४५५. झाकण नीट लावून चालवत राहिलं की दिवा आपोआप जातो, मात्र त्याच दिवशी जाईल अशी अपेक्षा नको. इंजिन धुतल्यावर कॉइलच्या खळग्यात किंवा कनेक्टरमध्ये पाणी बसतं. उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. आणि एअर फिल्टर बदलताना डब्याची क्लिप अर्धवट बसली किंवा पुढचा पाइप नीट चढला नाही, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पी०१७१ हजर. विचारणाऱ्यानं हे आठवून पाहावं: दिवा लागण्याआधी सर्व्हिसिंग झालं होतं का?

दिवा कधी लागतो आणि कधी जातो याचेही नियम ठरलेले आहेत, आणि ते कळले की ‘सेन्सर बदलल्यावर गेला होता’ याचा उलगडा होतो. बहुतेक चाचण्या एकदा नापास झाल्या तर कॉम्प्युटर फक्त नोंद ठेवतो. स्कॅनरवर हा ‘पेंडिंग’ कोड दिसतो. लागोपाठच्या दुसऱ्या फेरीत (इंजिन सुरू करून, गाडी चालवून, बंद करेपर्यंत एक फेरी) तीच चाचणी नापास झाली की दिवा लागतो. (कन्व्हर्टर जाळणारं मिसफायर याला अपवाद, ते लगेच लुकलुकतं.) पुढे लागोपाठ तीन फेऱ्यांत ती चाचणी पास झाली की दिवा आपणहून विझतो, पण कोड आठवणीत राहतो आणि साधारण ४० वेळा इंजिन थंडाचं गरम होऊन गेल्यावर पुसला जातो. तुमच्या गाडीत सेन्सर बदलल्यावर गॅरेजवाल्यानं कोड पुसला. पुसताना पेट्रोलचं शिकलेलं गणितही शून्यावर गेलं. कॉम्प्युटरला ते पुन्हा शिकायला आणि मग दोनदा नापास करायला जेवढे दिवस लागले, तेवढेच दिवस दिवा बंद होता. नवा सेन्सर न लावता नुसता कोड पुसला असता तरी तेवढेच दिवस मिळाले असते.

कोडची रचना सगळ्या गाड्यांत सारखीच असते. गाडीनं स्वतःच्या चाचण्या घेऊन ठरावीक कोडमध्ये निकाल सांगायचा, या पद्धतीचं नाव ओबीडी-२. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ती सक्तीची झाली, मग इतर देशांनीही तीच पद्धत उचलली. म्हणून पी०१७१ चा अर्थ कुठल्याही कंपनीच्या गाडीत एकच. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडची बाजू, यू म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. त्यापुढचा आकडा ० असला तर कोड सर्वांना समान, १ असला तर त्या कंपनीचा स्वतःचा. दुसऱ्या प्रकारच्या कोडचा अर्थ इंटरनेटवर शोधताना आपल्याच कंपनीचा पाहा, नाहीतर भलतंच निघतं.

आता तुमचा पी०१७१. यात स्कॅनरवरचा कोड वाचून काही होत नाही, लाइव्ह डेटा उघडावा लागतो आणि त्यात ‘फ्युएल ट्रिम’ नावाच्या दोन ओळी बघाव्या लागतात, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. पेट्रोलचं पूर्ण ज्वलन व्हायला वजनानं १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. सेन्सर म्हणाला पातळ आहे, की कॉम्प्युटर इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही वाढ टक्क्यांत म्हणजे ट्रिम. तात्पुरती वाढ शॉर्ट टर्ममध्ये, सवयीची झालेली लाँग टर्ममध्ये. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे १० च्या आत असावी. ती अधिक २०-२५ च्या घरात जाऊन बसली की कॉम्प्युटर हात टेकतो आणि पी०१७१ टाकतो.

इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंगला हा आकडा पाहायचा, मग २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून पुन्हा पाहायचा. समजा आयडलिंगला अधिक २२ आहे आणि रेस धरल्यावर अधिक ५ वर आला. याचा अर्थ इंजिन कुठून तरी चोरून हवा खेचतंय. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, मोजून आत जाणारी हवा थोडीच, तिच्यात फटीतून येणारी हवा मोठा वाटा घेते. रेस दिली की मोजलेली हवा कित्येक पट वाढते, फटीची तेवढीच राहते किंवा कमी होते, आणि तिचा वाटा नगण्य होतो. उलट आयडलिंगला आकडा ठीक, पण रेसला आणि विशेषतः चढावर तो वाढत गेला, तर चोरट्या हवेचा नाही, पेट्रोल कमी पडण्याचा प्रश्न आहे: पंप दमलाय, फिल्टर चोंदलाय, किंवा हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मळून कमी हवा सांगतोय.

तुमची गाडी सिग्नलला थरथरते आणि रस्त्यावर नीट पळते. आकडे न बघताही माझा संशय पहिल्या बाजूला जातो. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: एअर फ्लो सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी पाइप (त्याच्या घड्यांच्या आतल्या बाजूला चीर असते, हातानं वाकवल्याशिवाय दिसत नाही), पीसीव्हीची नळी (इंजिनच्या पोटातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारी), इनटेक मॅनिफोल्डचं म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरकडे (पेडल हलकं करणाऱ्या डब्याकडे) जाणारी नळी आणि टाकीच्या वाफा इंजिनमध्ये सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. ब्रेक पेडल एरवीपेक्षा कडक लागत असेल तर बूस्टरकडे आधी बघा. पर्ज व्हॉल्व्ह तपासणं सोपं: आयडलिंगला त्याची टाकीकडची नळी काढून बोट लावायचं, व्हॉल्व्ह बंद असायला हवा तेव्हा तो बोट ओढत असेल तर उघडा अडकलाय. इथे पकडीनं व्हॉल्व्हची इंजिनकडची नळी दाबून धरायची, आणि ट्रिम खाली यायला लागली तर आणखी शोधायची गरज नाही. बाकी जागांसाठी स्मोक टेस्ट उत्तम: इनटेकमध्ये कमी दाबानं धूर सोडतात आणि तो जिथून निघेल तिथे फट. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का पाहण्याची जुनी रीत अजून चालते, पण ती द्रव्यं पेट घेतात. धुराचं यंत्र असलेलं गॅरेज शोधणं बरं.

दोन अडचणीच्या जागा सांगून ठेवतो, कारण इथे चांगले मेकॅनिकही फिरतात. एक, गाडीत एअर फ्लो सेन्सर नसून फक्त मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल, तर फटीतून आलेली हवाही मॅनिफोल्डच्या दाबात मोजली जाते. तिथे ट्रिम फारशी हलत नाही, आयडलिंगचा आरपीएम मात्र चढून बसतो. दोन, पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एग्झॉस्टला फट असेल, तर धुराच्या लाटांमधल्या कमी दाबाला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं. इंजिन खरं तर ठीक असतं आणि कॉम्प्युटर उगाच पेट्रोल वाढवत बसतो. थंड इंजिन स्टार्ट करताना टिक-टिक आवाज येऊन गरम झाल्यावर कमी होत असेल तर ही शक्यता धरावी.

सेन्सर खरंच गेला होता का, हेही काढण्याआधी दोन मिनिटांत कळलं असतं. जुन्या पद्धतीचा सेन्सर सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये वर-खाली झुलतो. एकदम रेस दिली की मिश्रण क्षणभर घट्ट होतं आणि आकडा ०.८ च्या वर उडी मारतो. उडी मारली म्हणजे सेन्सर जागा आहे, आणि तो पातळ म्हणतोय तर पातळच आहे. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, तिथे हे आकडे लागू नाहीत. पण रेस दिल्यावर तो प्रतिक्रिया देतो की ढिम्म राहतो हे तिथेही दिसतं.

मिसफायरच्या कोडलाही असाच बिनपैशाचा उपाय आहे. पी०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर मिस मारतोय. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावा, कोड पुसून चालवा. आता पी०३०१ आला तर कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर तिसऱ्याचा प्लग अदलाबदल करा, मग इंजेक्टर, आणि तरीही तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन तपासा. चारही कॉइल एकदम बदला असं कुणी म्हटलं तर आधी ही अदलाबदल करून दाखवायला सांगा. पी०३०० मात्र एका सिलिंडरचा नसतो, आणि त्याच्या सोबतीला पी०१७१ असेल तर कॉइलना हात न लावता आधी हवेची फट शोधायची.

पी०४२० आला की कन्व्हर्टर बदला असं सांगतात. हा कोड कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या सेन्सरची तुलना करून निघतो. मधल्या पाइपला फट असेल तरी तो येतो. आणि कन्व्हर्टर खरोखर मेला असेल तर तो सहसा आपणहून मरत नाही. मिसफायरनं, घट्ट मिश्रणानं किंवा इंजिन ऑइल खात असल्यानं मरतो. ते कारण न शोधता नवा बसवला तर तोही त्याच वाटेनं जाणार. पी०१२८ उलट सोपा: बहुतेक वेळा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला, काटा नेहमीच्या जागी पोचत नाही, पेट्रोल जास्त लागतं. कूलंटची पातळी बघा आणि थर्मोस्टॅट बदला.

एकमेकांशी संबंध नसलेले सात-आठ कोड एकदम दिसले तर कुठलाच सेन्सर बदलू नका. आधी बॅटरी, तिची टर्मिनलं आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी. स्टार्ट करताना व्होल्टेज फार खाली गेलं की कॉम्प्युटर जो दिसेल त्याच्यावर संशय घेतो.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरचा पिवळा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलंय तसं मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानं चालवा, म्हणजे काजळी सुमारे ६०० अंशांना जळून जाते. त्याच्या जोडीला चेक इंजिनही लागला असेल तर ती वेळ निघून गेली, काजळी गॅरेजमध्येच जाळावी लागेल.

कोड पुसण्याची घाई करू नका, बॅटरीची केबल काढून तर मुळीच नाही. कोडबरोबर कॉम्प्युटर ‘फ्रीझ फ्रेम’ साठवतो: दिवा लागण्याच्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर लोड किती. तुमच्या बाबतीत त्यात वेग शून्य आणि आरपीएम आयडलिंगचा दिसला असता, तर अर्धं निदान तिथेच झालं असतं. पुसल्यावर ते सगळं जातं आणि चाचण्यांच्या ‘रेडिनेस’ खुणाही कोऱ्या होतात. जुनी गाडी घेताना ही गोष्ट उपयोगी पडते: दिवा बंद आहे पण स्कॅनर म्हणतो की जवळजवळ कुठलीच चाचणी पूर्ण नाही, तर कुणीतरी नुकताच कोड पुसलाय. आणि चावी ऑन करून इंजिन सुरू न करता हा दिवा लागतो का तेही पाहा. लागतच नसेल तर तो काढून ठेवलेला असू शकतो.

तुम्ही आता गॅरेजमध्ये गेलात की दुसरा सेन्सर नको म्हणा. आयडलिंगला आणि २,५०० आरपीएमला दोन्ही ट्रिमचे आकडे काढून द्यायला सांगा, स्क्रीनचा फोटो घ्या, फ्रीझ फ्रेमचाही घ्या, मग स्मोक टेस्ट. हे आकडे स्वतः बघायचे असतील तर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर आणि फोनवरचं अ‍ॅप पुरतं; फक्त काम झाल्यावर अ‍ॅडॉप्टर काढून ठेवा, काही अ‍ॅडॉप्टर उभ्या गाडीची बॅटरी खातात. फट सापडून दुरुस्त झाली की कोड पुसायला हरकत नाही. पुढचे काही दिवस गाडी शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर दोन्हीकडे चालवा आणि आयडलिंगची लाँग टर्म ट्रिम पुन्हा बघा. ती अधिक-उणे ५ च्या आत आली तर काम झालं. अधिक १२ वर थांबली असेल तर दिवा लागणार नाही, पण आणखी एखादी नळी चिरलेली असण्याची शक्यता आहे. तीही तेव्हाच शोधून घ्या.